चौघांचा मुक्काम

सुहास,

परवा पाडवा झाला आणि तू कार्ड न्यायला आला नाहीस.

येणार नाहीस हे मला ठाऊक होतं. फेब्रुवारीत फ्युनरल होमच्या दारात उभा राहून मीच तर लोकांना ‘आत या, कोट तिकडे अडकवा’ असं सांगत होतो. तरी परवा सकाळी दाढी केली, दोन कप चहाचं आधण ठेवलं आणि समोरच्या खिडकीत जाऊन बसलो. शेजारीण कुत्रं फिरवून गेली. टपालाची गाडी येऊन गेली. वळणावर तुझा हॉर्न वाजायचा, तो काही वाजला नाही. शेवटी दोन्ही कप मीच प्यालो आणि दुपारपर्यंत जळजळ सोसली. याला जबाबदार तू.

तुझे दिवस झाले त्या आठवड्यात केतकीने मला कोपऱ्यात घेतलं होतं. तुझी लेक तुझ्यासारखीच, आधी प्रश्न आणि मग ‘कसे आहात’. म्हणाली, ‘काका, व्हॉट इज धिस कार्ड बिझनेस? आई म्हणते, हाफ ऑफ इट इज अवर्स.’ मग सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. तूही ऐकून घे, चुकलो असेन तर तिथूनच दुरुस्त कर, तुला तेवढीच हौस.

मी म्हटलं, बेटा, बेसबॉलमधला नवा पोरगा मोठ्या संघात आला की त्याचं पहिलं छापील कार्ड निघतं. त्याला रुकी कार्ड म्हणतात. मी आणि तुझे बाबा या देशात यायच्या बऱ्याच आधी, कार्डवाल्यांना कुठला पोरगा पुढे चमकेल याचा भरवसा नसायचा. मग एकाच पुठ्ठ्यावर दोघं, तिघं, चौघं छापायचे आणि मोकळे व्हायचे. त्यातला एखादा पुढे नाव काढायचा. बाकीचे एखाददुसरा मोसम खेळून आपापल्या गावी परत. आमचं कार्ड चौघांचं आहे. एक जण असा निघाला की आजही त्याचं नाव काढलं तर गॅसस्टेशनवरचा माणूस तुमच्याशी गप्पा मारायला थांबतो. उरलेल्या तिघांना त्यांच्या गल्लीबाहेर कोणी ओळखत नाही.

‘सो यू गाइज बॉट इट फॉर द फेमस वन,’ केतकी म्हणाली.

‘मी, हो. तुझ्या बाबांनी बाकीच्या तिघांसाठी घेतलं.’

ती हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा वाकडा झाला. मग आम्ही दोघंही उगाच भिंतीवरच्या थर्मोस्टॅटकडे बघत उभे राहिलो.

ते कार्ड घेतलं तो दिवस तुला आठवत असणारच. फायर हाउसच्या हॉलमध्ये भरलेला कार्ड शो, लांबच लांब टेबलं, जळक्या कॉफीचा वास, आणि अख्ख्या हॉलमध्ये आपण दोघंच काळे. एकट्याला झेपणारं नव्हतं म्हणून अर्धं अर्धं करू असं ठरलं. टोपीवाला म्हातारा विक्रेता खूश होऊन म्हणाला, ‘तुम्ही ह्या एकाचे पैसे देताय, बाकीचे तिघं फुकट.’ आणि तू, ज्याने ऑफिसात कधी बॉसला उलट उत्तर दिलं नाही, त्याला म्हणालास, ‘सर, नोबडी इज फ्री हिअर.’ तो बावचळला. मी तुझी बाही ओढत होतो, म्हटलं हा आता विकायचाच नाही. गाडीत बसल्यावर तुला विचारलं, काय गरज होती? तर म्हणालास, ‘अरे, चौघांनी एकाच दिवशी टोप्या घालून फोटो काढून घेतला असेल. चौघांच्या आयांनी तो पुठ्ठा कपाटात जपून ठेवला असेल. फुकट कोण?’ मी म्हटलं, पुणेकर, तू गाडी चालव.

आणि मग तुझे ते नियम. अर्ध्या कार्डाचं करायचं काय, तर आळीपाळीने ठेवायचं. पाडवा ते दसरा तुझ्याकडे मुक्काम, दसरा ते पाडवा माझ्याकडे. ज्याच्याकडे पुढचा मुक्काम, त्याने स्वतः न्यायला यायचं. नेताना विचारायचं, ‘चौघं आहेत ना?’ देणाऱ्याने म्हणायचं, ‘मोजून घे.’ आणि घेणाऱ्याने खरंच बोट ठेवून मोजायचं. घरी पोचलं की फोन करायचा, ‘पोचले रे चौघं.’ माझी सुमन म्हणायची, दोन पोक्त इंजिनियर माणसं, आणि भातुकली खेळतात. पण पाडव्याला तू येणार म्हणून चिरोटे तीच करायची.

नावंही तूच ठेवलीस. मोठा, कानवाला, हसरा आणि चौथा. चौथ्याचं नाव चौथाच राहिलं. फोटो निघाला तेव्हा त्याचे डोळे अर्धे मिटलेले होते. ‘आयुष्यात एकदा फोटो छापून आला बिचाऱ्याचा, आणि तोही असा,’ असं म्हणून तू दर वेळी हळहळायचास. तो पुढे किती खेळला, कुठे गेला, हे शोधायला तू लायब्ररीत जाऊन बसायचास. मला कशाला, मला मोठा पुरे होता. तू म्हणायचास, ‘आपण दोघं त्या चौथ्यातले.’ मी म्हणायचो, तू असशील. आणि मनातून राग यायचा, कारण कंपनीने मला नुकतंच बाजूला बसवलं होतं आणि ते फक्त तुला माहीत होतं.

आता तो दसरा. टाळून चालणार नाही, आपलं सगळं भांडण तिथूनच सुरू झालं.

संध्याकाळी मी तुझ्याकडे न्यायला आलो. आपट्याची पानं इथे कुठली, तुझ्या अंगणातल्या मेपलची पिवळी पानं एकमेकांना सोनं म्हणून दिली. तू कार्ड आणलंस. मी विचारलं, चौघं आहेत ना? तू नेहमीसारखं ‘मोजून घे’ म्हणाला नाहीस. मी मोजायला लागलो आणि चौथ्यावर बोट थांबलं. टोपीच्या खाली, बरोबर दोन भुवयांच्या मध्ये, कुंकू. पुठ्ठ्यात मुरलेलं, लालभडक. मला आधी कळेचना मी काय बघतोय.

‘पूजा करताना माझा अंगठा लागला,’ तू म्हणालास. ‘ह्या वर्षी हत्यारांना मीच कुंकू लावलं, आणि हे मधेच उघडं पडलं होतं.’

बाप्पा रे. ज्या माणसाने जन्मभर पुलांचे सांधे तपासले, ज्याला केसाएवढी भेग दिसायची, तो कुंकवाच्या अंगठ्याने असलं कार्ड उचलतो. मी काय काय बोललो ते तुला पाठ असेल. तू फक्त स्वयंपाकघराकडे बघून ‘हळू बोल’ म्हणत होतास. मला वाटलं, बायकोला घाबरतोय, धांदरटपणाबद्दल तिच्याकडूनही बोलणी बसतील म्हणून. त्या दिवसापासून मी तुला अंगठेबहाद्दर म्हणायला लागलो. वहिनींसमोर म्हणायचं नाही अशी तू शपथ घातलीस, ती मात्र मी पाळली.

मग माझं सुरू झालं, स्लॅब कर. ग्रेडिंगवाल्यांकडे पाठवू, ते तपासून दर्जा ठरवतील, जाड प्लास्टिकच्या पेटीत कायमचं बंद करतील, वर लेबल लावतील. मग कोणाचा अंगठा लागायची भीती नाही. किती वर्षं म्हणतोय मी हे? आणि तुझी उत्तरं म्हणजे कमाल. एकदा म्हणालास, प्लास्टिकमधून पुठ्ठ्याचा वास येणार नाही. एकदा म्हणालास, मग बोट ठेवून मोजायचं कसं. एकदा तर म्हणालास, चौघांना गुदमरायला होईल. मी चिडून म्हटलं, तुझ्या डोक्यावर परिणाम झालाय. दोन पाडवे आपण त्याच विषयावर जेवताना भांडलो. सुमनने दोघांच्या पानांत पुरण वाढून तोंडं बंद केली.

सुमन गेली त्या वर्षीचं मात्र तुझं कर्ज माझ्यावर आहे, आणि ते मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. मुलगा हर्नडनला त्याच्या घरी परत गेला होता, आलेली माणसं पांगली होती. पाडवा होऊन गेलेला, मुक्काम तुझ्याकडे. एका सकाळी तू न सांगता आलास आणि कार्ड माझ्या जेवणाच्या टेबलावर ठेवलंस. मी म्हटलं, अरे, दसरा लांब आहे. तू म्हणालास, ‘राहू देत इथे. घरात चार माणसं असलेली बरी.’ बसलाही नाहीस. बूटसुद्धा काढले नाहीस. मी ते कार्ड मिठाच्या बरणीला टेकवून उभं केलं आणि महिनोन् महिने त्यांच्यासमोर जेवलो. कानवाल्याशी बोलायचोही. तुला हे आज पहिल्यांदा सांगतोय, हसू नकोस.

जानेवारीत आपलं फोनवर शेवटचं बोलणं झालं, तेही भांडणच. मी म्हटलं, आपण दोघंही आता काही कोवळे नाही, ह्या कार्डाचं पुढे काय होणार, निदान स्लॅब करून ठेवू. मग म्हणालास, ‘नको म्हणतो त्याला कारण आहे. पाडव्याला न्यायला येईन तेव्हा सांगतो. समोर सांगतो, फोनवर नाही.’ मी म्हटलं, सांगायचं असतं तर एवढ्या वर्षांत सांगितलं असतंस. आणि फोन ठेवला. रागात नाही, कुकरची शिट्टी झाली म्हणून. पण तुला रागात ठेवला असं वाटलं असेल का, हे आता कोणाला विचारू?

तू गेलास आणि वाद मी जिंकलो. समोर कोणी उरलंच नाही तर जिंकणारच. मार्चमध्ये मी कार्ड कडक प्लास्टिकच्या पाकिटात घातलं, दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवलं, रबरबँड लावले, खोक्यात भरलं, ग्रेडिंगवाल्यांचा पत्ता चिकटवला. खोकं टेबलावर तयार होतं. रोज येता-जाता बघायचो आणि पोस्टात काही जायचो नाही. तुझं अर्धं म्हणजे आता शैलावहिनींचं, त्यांना विचारल्याशिवाय कसं पाठवणार, असं स्वतःला सांगत होतो. नागपूरचा असलो तरी एवढी रीत मला कळते. खरं सांगू का? ते खोकं गेलं असतं तर घरात तुझं म्हणून काही राहिलं नसतं, आणि ते परत आलं असतं तेव्हा त्याला हात लावता आला नसता.

म्हणून परवा दुपारी, तुझी वाट बघून झाल्यावर, खोकं घेऊन मीच निघालो. ओक ट्री रोडवर पाडव्याची ही गर्दी, श्रीखंडाच्या दुकानापासून पार रस्त्यापर्यंत रांग. माझ्याकडे घ्यायला काही नव्हतं. तुमच्याकडे यंदा सण नाही. तुझ्या दारात गुढी नव्हती. ड्राइव्हवेच्या कडेला बर्फाचा मळकट ढीग अजून वितळायचा होता आणि त्यात तुझं फावडं तसंच खोचलेलं. ते काढून गॅरेजमध्ये ठेवलं आणि मग बेल वाजवली.

केतकीने दार उघडलं. कानाला हेडसेट, अर्विंगच्या ऑफिसशी कॉल चालू. हाताने ‘आत या’ केलं आणि कॉल म्यूट करून म्हणाली, ‘काका, प्लीज टॉक टू हर. ती माझ्याबरोबर यायलाच तयार नाहीये. एकटी कशी राहणार ती इथे? मी किती दिवस लीव्ह घेऊ?’ आणि परत कॉलवर गेली.

वहिनी जेवणाच्या टेबलाशी बसल्या होत्या. समोर काही नाही. ना पेपर, ना भाजी, नुसत्या बसलेल्या. ते बसणं मला ओळखीचं आहे. मी खोकं टेबलावर ठेवलं आणि स्लॅबचं वगैरे समजावून सांगायला लागलो. त्यांनी पत्ता वाचला, मग विचारलं, ‘म्हणजे हे बंद करून टाकणार?’

‘कायमचं. डाग आहे ना एक, तोही लेबलवर छापून येईल. पण निदान पुढे काही होणार नाही.’

‘कसला डाग?’

आता दाखवायला हवं म्हणून खोकं उघडलं, रबरबँड काढले, कार्ड बाहेर घेतलं. त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि सुहास, तू गेल्यापासून पहिल्यांदा त्या हसल्या.

‘अगंबाई, हे अजून आहे? हे तर मी लावलेलं कुंकू.’

‘तुम्ही? कधी?’ मी विचारलं.

‘त्या दसऱ्याला हो. पूजा मांडली होती, गाडीची किल्ली, लॅपटॉप, ह्यांचे पाने-स्क्रूड्रायव्हर. आणि हे उघडंच होतं टेबलावर. म्हटलं, ह्यांच्या जिवाची वस्तू, हिलाच कसं वगळायचं? एकाला लावलं, बाकीच्यांना लावणार तेवढ्यात ह्यांनी उचलून घेतलं.’

‘मग तो काही बोलला नाही?’

‘बोलले ना. म्हणाले, बरं केलंस, ह्या चौथ्याला कधी कोणी विचारलं नव्हतं. इतकं बरं वाटलं मला. एरवी ह्यांच्या कार्डातलं मला काय कळतं? पण तेवढं एक माझ्या हातून चांगलं झालं.’

मी खुर्ची ओढून बसलो. पाण्याचा ग्लास मागितला. त्या आत गेल्या तेव्हा डोळे पुसून घेतले, कारण मला रडताना बघून त्यांनी कारण विचारलं असतं.

अंगठेबहाद्दर. किती वर्षं म्हटलं मी तुला ते, आणि तू ऐकून घेतलंस. लेबलवर ‘डाग’ छापून आला असता, तो कधीतरी वहिनींनी वाचला असता, एवढ्यासाठी तू वासाचं आणि गुदमरण्याचं काय वाट्टेल ते सांगत राहिलास. मला सांगितलं असतंस तर काय झालं असतं? मला माहीत आहे तू काय म्हणशील. ‘तुझ्या पोटात काही राहत नाही.’ नाही राहत. खरं आहे. पण हे राहील. ‘डाग’ हा शब्द माझ्या तोंडून निघून गेला होता, तो वहिनी पाणी आणेपर्यंत कसा परत घ्यावा एवढाच विचार करत होतो.

पाणी आणल्यावर त्यांनीच विचारलं, ‘पण भाऊजी, तुम्ही डाग कशाला म्हणत होतात?’

‘तो पाठीमागे आहे. चहाचा. माझ्या हातून पडलेला,’ मी म्हटलं. त्यांनी कार्ड उलटून बघितलं असतं तर पंचाईत होती. नाही बघितलं. बघ, मलाही जमतं.

मी खोक्यावरचा पत्ता नखाने खरवडून काढला. म्हटलं, ‘वहिनी, बंद-बिंद काही करायचं नाही. आज पाडवा. आजपासून मुक्काम तुमच्याकडे.’

‘माझ्याकडे? मी काय करू ह्याचं? तुमच्याचकडे ठेवा.’

‘दसऱ्यापर्यंत तुमच्याकडे. ठरलेलं आहे ते. घरात चार माणसं असलेली बरी.’

हे बोललो आणि माझं मलाच ऐकू आलं की हे कोणाचं आहे. त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी हात कुर्त्याला पुसले, दोन्ही हातांनी कार्ड घेतलं, आणि इतकी वर्षं स्वयंपाकघरातून जे ऐकलं होतं ते त्यांच्या तोंडून आपसूक आलं.

‘चौघं आहेत ना?’

मी म्हटलं, ‘मोजून घ्या.’

त्यांनी बोट ठेवून मोजलं. मोठा, कानवाला, हसरा. चौथ्यावर बोट जरा जास्त थांबलं. मग त्यांनी कार्ड मिठाच्या नाही, साखरेच्या डब्याला टेकवून उभं केलं आणि आतल्या खोलीकडे बघून हाक मारली, ‘केतकी, मी दसऱ्यापर्यंत कुठे येत नाहीये गं. माझ्याकडे मुक्काम आहे.’ आतून ‘व्हॉट?’ असं ऐकू आलं. मी तोवर बूट चढवले होते.

घरी आलो. ड्रॉवर उघडला, कार्ड ठेवतो तो, सवयीने. मऊ कापड तेवढं होतं. ते घडी करून परत ठेवलं. पाडवा ते दसरा हा ड्रॉवर दर वर्षी रिकामाच असायचा, मला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. दूध विरजायला लावलं, बाहेरचा दिवा लावला, आणि फोन टेबलावर, माझ्यासमोर ठेवून बसलो.

वहिनींना विचारायचं माहीत आहे, मोजायचं माहीत आहे. पण पोचल्याचा फोन करायचा असतो हे त्यांना माहीत नाही. तू तो मागच्या अंगणातून करायचास. मी त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी लगेच केला असता. नाही सांगितलं, आणि सांगणारही नाही. तो फोन तुझा होता.

जेवण होईपर्यंत वाट बघितली. मग मीच म्हटलं, मोठ्याने, स्वयंपाकघरात, पोचले रे चौघं.